दुर्बीणवाल्या काकांची चूक

आमच्या तपासणीच्या खोलीत भिंतीला एक रबरी नळी टांगलेली होती. हातभर लांब, तांबूस, एका टोकाला चिरलेली. दुसऱ्या ठिकाणी अशा जागी कुणा दाढीवाल्या शास्त्रज्ञाचा फोटो असतो आणि वर्षातून एकदा त्याला हार पडतो. आमच्याकडे नळी. नवा माणूस आला की विचारायचाच, "ही काहून टांगली जी?" मग दुर्बीणवाले काका हातातलं काम थांबवून माझ्याकडे बोट करायचे. "चूक माही आहे, पण भोगलं ह्या बाईनं. तिले विचारा. सांगायचा हक्क तिचा."

बाकावर गर्दी असली की मी दोन वाक्यांत आटपायची. आज गर्दी नाही, तेव्हा सगळं ऐका.

काकांना नाव होतं, पण ते फक्त हजेरीच्या बुकात. धंतोलीतल्या त्या दवाखान्यात डॉक्टरांपासून झाडूवालीपर्यंत सगळे त्यांना दुर्बीणवाले काकाच म्हणत. नागपूर तेव्हा जुन्या प्रांताची राजधानी होतं आणि धंतोलीत बंगले जास्त, दवाखाने थोडे. आमच्या दवाखान्याच्या मागे पूर्वी टांग्याचा घोडा बांधत असत, ती खोली चुना मारून काकांना दिली होती. पावसाळ्यात भिंतींना अजून घोड्याचा वास यायचा. टेबलावर पितळी दुर्बीण, तिच्यावर काकूंच्या जुन्या रेशमी लुगड्याचा तुकडा झाकलेला. तिला सूक्ष्मदर्शक म्हणतात हे मला शाळेत शिकवलेलं होतं, पण काकांपुढे तो शब्द काढायची सोय नव्हती. "सूक्ष्मदर्शक म्हणेपर्यंत जंतू पळून जाईन," म्हणायचे.

ते मूळचे कळमेश्वरकडच्या शेतकरी घरातले. लढाईच्या दिवसांत पलटणीत गेले ते बंदूक चालवायला. पण आसामच्या जंगलात हिवतापाने अर्धी पलटण आडवी झाली आणि ह्यांना लष्करी दवाखान्यात रक्ताच्या काचा रंगवायला बसवलं. तिथे जे शिकले त्यावर उभा जन्म काढला. ठेंगणे, काळेसावळे, धोतरावर खाकी कोट, आणि बोटं बघाल तर उजव्या हाताची लाल, डाव्या हाताची निळी. काचांना रंग देऊन देऊन तो कातडीत उतरला होता.

हात धुण्याचं त्यांना वेड होतं, अगदी वेडच. एकदा दवाखान्यातल्या एका नर्सच्या लग्नाला आम्ही सगळे गेलो. पानं मांडलेली, माणसं बसलेली, वाढपी जिलबीचं ताट घेऊन निघाला, आणि काका पंगतीच्या मधोमध उभे. "थांब गा. हात दाखव." त्याने दाखवले. "आता धुऊन दाखव." वरमाय लालबुंद झाली. कुणीतरी मागून म्हणालं, "हा कोन पागल आणला?" काकांनी शांतपणे खिशातून साबणाची वडी काढली. हो, लग्नाला जाताना खिशात साबण! सगळ्या वाढप्यांना विहिरीवर नेऊन कोपरापर्यंत हात धुवायला लावले तेव्हा कुठे पंगत सुरू झाली. परत येताना मी म्हटलं, "काका, लोक हसले हो." तर म्हणतात, "हसू दे नं वं. हसल्यानं हगवण होत नाही."

खरं सांगू का, मला त्यांच्या तपासणीपेक्षा त्यांच्या गोष्टी जास्त आवडायच्या. बाहेरच्या बाकावर बसलेले लोक आधीच घाबरलेले. त्यांना काका रोगांच्या गोष्टी सांगत, आणि त्या अशा की जणू हे सगळं मागच्या आठवड्यात कळमेश्वरला घडलं.

"व्हिएन्ना म्हणून एक गाव आहे तिकडं. तिथं बाळंतिणी पटापट मरून राहिल्या होत्या. कोणी म्हणे हवा खराब, कोणी म्हणे देवाची मर्जी. एका डॉक्टरानं पाहिलं, का सुइणींच्या खोलीत बाया कमी मरतात अन् डॉक्टरांच्या खोलीत जास्त. काहून गा? तर डॉक्टर लोक मुडदे चिरून तसेच बाळंतिणीकडं येत होते. तो म्हणाला, हात धुवा रे, आपणच मारून राहिलो ह्यांले. पटते का कोणाले? हाकललं त्याले. शेवटी वेड्यांच्या दवाखान्यात मेला बिचारा."

इथे काका डोळे पुसायचे. कधीच मरून गेलेल्या कुणा परमुलखातल्या डॉक्टरासाठी! एकदा हिंगण्याकडची एक म्हातारी हे ऐकून म्हणाली, "पोरंबाळं होती का जी त्याले?" काकांनी डोळे पुसायचे थांबवले. मग म्हणाले, "हे मले माहीत नाही माय. पाहाले पाहिजे." पुढचे आठ दिवस ते दवाखान्यातल्या प्रत्येक डॉक्टरला विचारत होते की त्या माणसाच्या मागे कोण कोण होतं.

लंडनच्या गल्लीत हैजा, म्हणजे कॉलरा, पसरला तेव्हा एका डॉक्टरने पाण्याच्या हापशीचा दांडाच काढून टाकला, ही गोष्ट ते सांगायचे तेव्हा लंडन हुबेहूब इतवारीसारखं वाटायचं, तेवढंच दाटीचं. देवीची लस कशी निघाली हे सांगताना त्यातली गवळण अशी रंगवायचे की बायका आपापल्या म्हशींची चौकशी सुरू करत. आणि क्षयावरची नवी सुई, तिचं तर त्यांना कोण कौतुक! ते औषध अमेरिकेतल्या कुठल्याशा शेणखत घातलेल्या शेताच्या मातीतून निघालं होतं. "पाहा, वावरातून निघालं. माह्या बापानं उभा जन्म वावरात हात घातले, पण कोणी त्याले सांगितलं नाही का तू औषधात हात घालून राहिला." त्यांचा बाप क्षयाने गेला होता.

पण त्यांची सगळ्यात आवडती गोष्ट वेगळीच होती. क्षयाचा जंतू ज्या जर्मन डॉक्टरने पहिल्यांदा रंगवून दाखवला, त्यानेच पुढे त्या रोगावर औषध काढलं म्हणून जाहीर केलं आणि ते साफ फसलं. लोक बरे व्हायचे सोडून आणखी आजारी झाले. बाकीचे लोक त्या जर्मनाची पहिली गोष्ट सांगतात, काका दोन्ही सांगायचे. "एवढा मोठा माणूस, पण चुकला. अन् आपण तर घोड्याच्या खोलीत बसतो."

आता त्यांची कामाची पद्धत सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. थुंकीचा नमुना काचेवर पसरायचा, वाळवायचा, लाल रंग ओतून खालून स्पिरिटच्या दिव्याने वाफ निघेपर्यंत तापवायचा, मग तेजाबाने, म्हणजे आम्लाने, धुवायचं आणि वर निळा रंग द्यायचा. प्रत्येक पायरीला पाण्याने काच धुवायची. बाकी सगळं निळं होतं, पण क्षयाचा जंतू असला तर तो लाल तो लालच राहतो. निळ्या जमिनीवर बारीक लाल काडी. काका त्याला लाल्या म्हणत, कपाशीवर लाल्या रोग पडतो त्यावरून. एका काचेवर शंभर जागा पाहायच्या, त्याशिवाय 'नाही' म्हणायचं नाही. त्यासाठी टेबलावर दोन वाट्या आणि शंभर चिंचोके. एक जागा पाहून झाली की एक चिंचोका ह्या वाटीतून त्या वाटीत. कुणी मध्ये बोललं तर उत्तर मिळायचं नाही आणि चिंचोका मात्र अंगावर यायचा.

निकाल ते स्वतः सांगत, उभ्याने. रोग नसला तर लांबूनच ओरडायचे, "जा गा घरी!" असला तर आधी खुर्ची पुढे करायचे.

मला खुर्ची दिली होती.

मी इतवारीकडची, कोष्ट्यांच्या घरातली. माहेरी माग, सासरी उमरेडला माग. मॅट्रिक होऊन प्राथमिक शाळेत मास्तरीण झाले तेव्हा वडिलांनी मोहल्ल्यात पेढे वाटले होते. नवरा गिरणीत. पहिली मुलगी झाली. ती आठ महिन्यांची असताना मला खोकला लागला. संध्याकाळी अंग कोमट लागायचं, वजन उतरत होतं. डॉक्टरांनी थुंकी तपासायला सांगितली आणि दोन दिवसांनी काकांनी खुर्ची सरकवली. "बसा बाई. लाल्या दिसले. थोडेच आहेत, पण आहेत."

दुसऱ्या दिवशी उमरेडहून सासूबाई आल्या आणि मुलीला घेऊन गेल्या. अंगावर पीत होती, तशीच सोडवली. बरोबरच होतं त्यांचं, डॉक्टरांनीच सांगितलं होतं. पण दारात ती माझ्याकडे हात करून रडत होती आणि मी मागच्या खोलीतून बघत होते, हे बरोबर-चूक करून विसरता येत नाही हो. दोन दिवस छाती दगडासारखी झाली, ताप भरला, मग दूध आटलं. माझं ताट वेगळं, लोटा वेगळा, खाट वेगळी. नवरा उंबऱ्याबाहेर उभा राहून बोलायचा. चांगला माणूस, पण भ्यालेला. शाळेने घरी बसवलं. रोज एक सुई. त्या सुयांनी उजव्या कानात रातकिड्यासारखा आवाज सुरू झाला, तो आजही आहे. मुलगी रांगायला लागली हे मला पोस्टकार्डावरून कळलं. असे तीन महिने गेले.

तिकडे धंतोलीत काय घडलं ते मला पुढे कळलं, पण इथेच सांगून टाकते. काका काचा धुवायला नेहमी विहिरीचं पाणी गाळून, उकळून घ्यायचे. हे सगळं दवाखान्याचा शिपाई करायचा. माझ्या तपासणीच्या थोडं आधी तो आपल्या गावी गेला तो परत आलाच नाही. काकांनी चार दिवस स्वतः पाणी वाहिलं, मग कंटाळले. खोलीत टाकीचा नवा नळ आला होता, त्याला त्यांनी एक रबरी नळी लावली. हळू धार काचेवर सोडायची, झालं काम. एवढीच सोय केली त्यांनी स्वतःची. त्या नळीच्या आतल्या बुळबुळीत थरात कसले तरी निरुपद्रवी जंतू वाढत होते, आणि त्यांनाही लाल रंग तसाच धरायचा. सगळ्याच काचांवर ते यायचे नाहीत. कधी यायचे, कधी नाही, म्हणून तीन महिने संशय आला नाही.

मग एक दिवस तालमीतला एक पहिलवान नोकरीच्या दाखल्यासाठी आला. मांड्या खांबासारख्या, खोकला नावाला. त्याच्या काचेवर लाल्या! काकांनी त्याला खुर्ची दिली नाही. "उद्या ये," म्हणाले, आणि दार लावून घेतलं. आधी स्वतःची थुंकी पाहिली, त्यात लाल्या. मग काहीच न लावता कोऱ्या काचेवर नुसतं नळीचं पाणी वाळवलं. त्यातही लाल्या. नळी ओढून काढली आणि तिथेच खाली बसले, असं झाडूवालीने मला सांगितलं.

काका डॉक्टरांकडे गेले. डॉक्टर काही दुष्ट नव्हते. विचार करून म्हणाले, "सगळ्यांना पुन्हा तपासू. ज्यांना रोग नाही त्यांना सांगू, औषधाने बरे झालात. लोक खूश होतील, दवाखान्याचंही नाव होईल. कुणाचं काय बिघडतं?"

काका म्हणाले, "त्या मास्तरीणबाईची पोट्टी उद्या लग्नाले आली का कोणी म्हणीन, हिच्या मायले क्षय होता. तवा मी जित्ता राहीन का सांगायले, का नव्हता म्हणून?"

"अहो, पण दवाखाना बंद पडेल."

"पडू द्या साहेब. घोडा बांधा पुन्हा."

हे संभाषण मला काकांनी कधीच सांगितलं नाही. डॉक्टरांनीच सांगितलं, खूप वर्षांनी, आणि सांगताना त्यांनी मान खाली घातली होती.

ओळीने तीन सकाळी काका माझ्या घरी आले. काहीही न बोलता थुंकीची डबी घेऊन गेले. पायी, इतवारीपर्यंत. मी समजले, आपलं आता संपलं. एरवी तपासणीवाला कशाला रोज घरी येईल? नवऱ्याला म्हटलं, मुलीला एकदा आणून लांबून दाखवा.

चौथ्या दिवशी भर उन्हात आले. चपला बाहेर काढल्या आणि, नवल म्हणजे, सरळ आत येऊन माझ्या खाटेजवळ उभे राहिले. तीन महिन्यांत तिथवर कुणी आलं नव्हतं.

"बाई, तुमाले क्षय नाही."

"बरी झाले?"

"बऱ्या झाल्या नाही. नव्हताच. खोकला साधा होता. माह्याकडून चुकलं."

आणि त्यांनी नळीचं सगळं सांगितलं, अक्षरही न वगळता. पाणी वाहायचा कंटाळा आला, हेसुद्धा. वाटलं तर ते वाक्य त्यांना गाळता आलं असतं.

मी काय केलं? लोटा फेकून मारला. त्यांच्या खांद्याला लागला. मग जे तोंडाला येईल ते बोलले. आमच्या मोहल्ल्यात शिव्यांना तोटा नाही, आणि मी मास्तरीण झाले म्हणून त्या विसरले नव्हते. "माझं दूध आणून द्या," असं ओरडले, हे मला आठवतं. शेजारणी दारात जमल्या. काका खाली मान घालून उभे. मी दमले तेव्हा त्यांनी लोटा उचलून जागेवर ठेवला आणि म्हणाले, "चला, उमरेडले जाऊ. पोट्टी आणू."

असे ते, मी धरून, चुकीचा निकाल मिळालेल्या सातही जणांच्या घरी गेले. एकाने काठी उगारली, एकाने मिठी मारली. एक तरणा विणकर तर घरच्यांना लागण होऊ नये म्हणून न सांगता निघून गेला होता. त्याला शोधायला काका दीड वर्ष दर रविवारी कुठे कुठे हिंडले. शेवटी चांद्याकडे कोळशाच्या खाणीवर सापडला. दवाखाना काही बंद पडला नाही. थोडे दिवस लोक कमी झाले, मग उलट वाढले. शाळेने मला परत घ्यायला टाळाटाळ केली तेव्हा काका म्हणाले, "माह्याकडं या. आजपासून एका डोळ्यावर निकाल नाही. एक काच मी पाहीन, तीच तुमी पाहा. दोघांचं जुळलं तरच चिठ्ठी." त्याच दिवशी त्यांनी ती नळी भिंतीला टांगली, आणि असं मी त्यांच्या हाताखाली काम शिकले. कितीदा आमचं जुळलं नाही, आणि दर वेळी ते म्हणायचे, "बाईचं खरं धरा, पुन्हा नमुना घ्या." त्यांच्यासारखा सरळ माणूस मी दुसरा पाहिला नाही. हे मी त्यांच्या तोंडावर कधी बोलले नाही, ते माझं चुकलंच.

पण मला सांगायचंय ते उमरेडचं.

नवऱ्याला गिरणीत सुट्टी मिळेना. मी आणि काका इतवारी स्टेशनवरून छोट्या गाडीने निघालो. काकांच्या मांडीवर दुर्बिणीची लाकडी पेटी, पायाशी रंगाच्या बाटल्यांची पिशवी. मी विचारलं, "हे कशाला?" तर म्हणाले, "लागीन."

सासूबाई मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसल्या होत्या. सासरे गेल्यापासून माग त्याच चालवत. शेजारीच आढ्याला झोळी बांधलेली, आणि झोळीतून एक पाय बाहेर आलेला. चांदीचा वाळा घातलेला. तीन महिन्यांत केवढा वाढला होता तो पाय! मी पुढे झाले तशा सासूबाई ओरडल्या, "तिथंच थांब वं!"

मी अंगणात थांबले. काका पुढे होऊन सगळं बोलले. सासूबाईंनी धोटा खाली ठेवला.

"तवा कागद आणला का रोग हाय. म्या लेकरू मायच्या आंगावरून तोडलं. सारी रात रडे, गाईचं दूध थुंके. तवा म्या कायजावर दगड ठेवला. आता म्हनता रोग नाही. तवाचं खोटं, तं आताचं खरं कायवरून?"

मला वाटलं, आता काका इतिहास सांगतील. पण ते म्हणाले, "माय, तुमी बरोबर बोलून राहिल्या. माह्या शब्दाले आता किंमत नाही. म्हणून दुर्बीण आणली. तुमीच पाहा."

"मले काय समजते त्यातलं?"

"मागावर तुटलेला धागा दिसते का?"

"तीन हातांवरून दिसते."

"मग हेबी दिसीन."

ओट्यावर उन्हाच्या कवडशात दुर्बीण मांडली. पहिली काच एका खऱ्या रोग्याची, ती काकांनी रंगवूनच आणली होती. सासूबाईंनी डोळा लावला, काच नीट न्याहाळली, मग एकदम, "अगाई! लाल धाग्याचे तुकडे पडले जसे." दुसरी काच लावली. "हितंबी हायेत."

"ही कोणाची थुंकी नाही. निस्तं पाणी आहे, त्या नळीतलं."

सासूबाईंनी मान वर केली. "म्हंजे पान्यातले लाल्या इच्या नावावर लिहिले?"

"हो."

"नळी कोनं लावली?"

"म्या."

सासूबाईंनी माझ्याकडे बोट केलं. मी अंगणात खोकून डबीत थुंकी दिली. काकांनी ती काचेवर पसरली आणि पिशवीतली पाण्याची बाटली काढली. लगेच सासूबाईंचा हात आडवा आला. "हे पानी कोनचं?"

"घरून उकळून, गाळून आणलं."

"तुमचं पानी नको. माह्या विहिरीचं, माह्या चुलीवर उकळा."

आणि काय सांगू, काकांचा चेहरा उजळला! एवढ्या अपमानात तो माणूस खूश झाला. "वा माय! हे मले पयले सुचाले पाहिजे होतं," म्हणाले. "पण उकळलं तरी मेलेले जंतू दिसतात. म्हणून आधी निस्तं तुमचं पाणी पाहू, मग बाईची काच." तसंच केलं. पाण्याची काच साफ निघाली. मग माझी काच रंगवली, आणि सासूबाईंपुढे दोन वाट्या आणि चिंचोके ठेवले.

मी आयुष्यात एवढी लांब दुपार पाहिली नाही. सासूबाई एक डोळा मिटून बसलेल्या, काका हळूच काच सरकवायचे, एक चिंचोका इकडून तिकडे. मी अंगणातल्या खांबाला धरून तो वाळा घातलेला पाय बघत होते. पाय मध्येच हलायचा. शंभर झाले. मी श्वास सोडला, तर सासूबाई म्हणतात, "पुन्हा एकदा." काकांनी निमूट चिंचोके परत पहिल्या वाटीत ओतले. दुसऱ्यांदा शंभर. ऊन ओट्यावरून सरकलं तसं दुर्बीणही सरकली.

"नाही," सासूबाई म्हणाल्या. "येकबी नाही."

गुडघे धरत उठल्या, झोळीतून मुलीला काढलं, छातीशी धरलं आणि तशाच उभ्या राहिल्या. मला घाई झाली होती, पण मी हात पुढे केला नाही. त्यांचंही काहीतरी जात होतं. मग जवळ आल्या. "घे वं."

मुलीने माझ्याकडे पाहिलं आणि किंचाळली. परक्या बाईने धरल्यावर लेकरू किंचाळतं तशी. आजीकडे झेपावली, माझ्या तोंडावर हात मारले. मी तिला घट्ट धरून उभी, आणि रडत होते.

"रडीन दोन दिवस," सासूबाई म्हणाल्या. "रडू दे. मीबी रडीन." आत गेल्या आणि दार लोटून घेतलं.

काका ओट्यावर दुर्बीण पेटीत घालत होते. पेटीची कडी त्यांना लागेना. शेवटी पेटी तशीच उघडी काखोटीला मारून निघाले.

गाडीत मुलगी रडतच होती. डब्यातल्या बायका सल्ले देत होत्या, कुणी फुटाणे पुढे करत होतं. काकांनी रंगीत बोटं नाचवून दाखवली, ती आणखी रडली. मग त्यांनी काही केलं नाही, समोर बसून बघत राहिले. मी म्हटलं, "बघा काका, हे तुमच्या नळीने केलं." बोलायला नको होतं, पण बोलले. ते म्हणाले, "पाहून राहिलो बाई."

इतवारी जवळ आली तेव्हा तिचा आवाज बसला होता. हुंदके लांबत लांबत गेले. मग तिची मान माझ्या खांद्यावर पडली आणि इवल्याशा मुठीने तिने माझा पदर धरला. झोपली. माझ्या अंगावर झोपली! मी ताठ बसून राहिले, डोळ्यांतलं पाणी पुसायलाही हात हलवला नाही.

गाडी थांबली. माणसं उतरली, डबा रिकामा झाला. काकाही हलले नाहीत. थोड्या वेळाने गार्ड खिडकीशी आला. "उतरा जी. गाडी यार्डात जाते."

काका उठले. दुर्बीण पहिल्यांदाच त्यांनी बाकावर एकटी सोडली आणि हात जोडले. "साहेब, थोडं थांबा. लेकरू तीन महिन्यांनी मायच्या आंगावर निजलं."

गार्डने माझ्याकडे पाहिलं, मुलीकडे पाहिलं. हिरवं निशाण काखेत घालून तो ड्रायव्हरला थांबवायला इंजिनाकडे गेला.

लोक मला विचारतात, असल्या माणसाला माफ केलं तरी कधी? तेव्हाच केलं, त्या डब्यात. काका दारात जाऊन पाठमोरे उभे राहिले, कुणी आत येऊ नये, आवाज करू नये म्हणून दोन्ही हात चौकटीला लावून. आणि माझी मुलगी जागी होईपर्यंत त्यांनी एकदाही मागे वळून पाहिलं नाही.